निळे कॅन

आमच्या असल्फ्याच्या चाळीत रिकामा कॅन हवा असला की सौरभला सांगायचं. साकीनाक्याच्या एका गाळ्यात तो प्लास्टिकच्या मऊ नळ्या बनवतो. प्लास्टिक मऊ व्हावं म्हणून त्यात एक तेलकट केमिकल ओततात, तेही उघड्या हातांनी. त्याचे रिकामे निळे कॅन सौरभ सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन घरी आणायचा. मे महिन्यात ते मालवणकडच्या त्याच्या गावी जायचे आणि घाण्यावरचं खोबरेल भरून परत यायचे. त्या खोबरेलाशिवाय त्यांच्या घरात बांगडा तळला जात नसे.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा सौरभच्या आईने, शेवंतीकाकूंनी, सगळं खापर सुनेवर, प्रांजलवर फोडलं. डॉक्टर झाले, नवस झाले, देवाला गाऱ्हाणी घालून झाली. मुलाला तपासावं हे काही कुणाच्या डोक्यात आलं नाही. मला काकूंचा राग यायचा, आणि खाली मान घालून जेवणाऱ्या सौरभचा त्याहून जास्त. मग गावच्या धाकट्या सुनेला, सपनाला, दिवस गेले आणि काकू हौसेने तिचे डोहाळे पुरवायला गेल्या. तिकडच्या स्वयंपाकघरातही सौरभचेच कॅन होते.

काकूंची पाठ वळताच प्रांजलने सौरभला हट्टाने तपासायला नेलं. रिपोर्ट वाईट आला. डॉक्टरीणबाईंनी त्याचं काम विचारलं, कॅनचंही ऐकून घेतलं. असल्या केमिकलने पुरुषाचं बीज कमी होऊ शकतं, म्हणाल्या. तुमच्या बाबतीत तेच कारण आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण कॅन कितीही धुतला तरी अंश राहतो आणि तेलात उतरतो. पोटात मुलगा असेल तर त्याला याचा धोका जास्त, हेही त्यांनी सांगितलं.

घरी येताच प्रांजलने मला शेजारून बोलावून माझ्यासमोर गावी फोन लावला, स्पीकरवर. सौरभची तपासणी, कॅन, सगळं सांगून सपनाला ते खोबरेल देऊ नका म्हणाली.

“तुका झाला नाय, म्हणान तिच्या घासार नजर ठेवतंस?” काकू म्हणाल्या. “सौरभाक दी फोन. काय रे, तुझ्यात खोट आसा म्हणता ही. खरा?”

सौरभने प्रांजलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“नाय गे आये. माझो रिपोर्ट नॉर्मल आसा.”

पलीकडे काकूंनी सपनाला जेवायला हाक मारली.