दोन हजार सालातला नळ

अवकाशात एकटाच अडकलेल्या माणसाची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्याचा हेवा वाटला. लेखकाची अपेक्षा तशी नसणार. त्या माणसाचं यान वाट चुकलेलं, परतीचा मार्ग बंद, आणि उरलेलं आयुष्य त्याला एका लहानशा खोलीत काढायचं होतं. वाचणाऱ्याचा जीव घुसमटावा म्हणून लेखकाने त्या खोलीचं पानभर वर्णन केलं होतं. मी ते दोनदा वाचलं. खोली एकट्याची. दिवा आपला आपण लागणारा. पाणी भिंतीतून येणारं. मी मनात म्हटलं, या गड्याला रडायला झालंय तरी काय?

आमच्या घरात खोली एक होती आणि माणसं सात. मी अकरावीला होते, म्हणजे मॅट्रिकला. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष होतं ते. चुडाव्याच्या स्टेशनापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर आमचं गाव. माझा बाप रेल्वेत गँगमन होता, रूळ तपासायचा, खडी भरायचा. मी रोज चालत चुडाव्याला यायची आणि पॅसेंजरने पूर्णेच्या शाळेत जायची. आमच्या वस्तीतून मॅट्रिकपर्यंत पोचलेली मी पहिली मुलगी. याचा अभिमान सगळ्यांना होता आणि त्रास फक्त मला. मी पुस्तक उघडलं की कुणी तरी विचारायचं, काय वाचायलीस? आणि मी काय वाचते हे कळलं की दुसरा प्रश्न, परीक्षेत हाय का ते?

परीक्षेत नव्हतं. विज्ञानकथा होत्या त्या. मराठीचे सर एक मासिक मागवत, आणि त्यात अधूनमधून अशी एखादी गोष्ट येई. वर्तमानपत्राचं कव्हर घालून ते अंक सर मला देत. शाळेच्या ग्रंथालयाचं कपाट होतं, पण किल्ली कारकुनाकडे आणि कारकून बहुधा रजेवर. त्यामुळे माझं ग्रंथालय म्हणजे सरांची कापडी पिशवी. गाडी वेळेवर असली तर चुडावा ते पूर्णा पाच-सहा पानं होत. सिग्नल मिळाला नाही आणि गाडी मध्येच थांबली तर अख्खी गोष्ट होई. बायकांच्या डब्यात कोंबड्या, बोचकी, रडणारी पोरं, आणि मधे मी मंगळावर. अशा वेळी गाडी कधीच सुटू नये असं वाटायचं.

सर पोखर्णीकडचे, घरची भरपूर शेती असलेले. माणूस चांगला. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांच्यावर उगाच दात खाईल. त्यांनी मला जेवढं दिलं तेवढं त्या काळात मला कुणीच दिलं नाही. मी त्यांच्या घरी वही द्यायला गेले की त्यांच्या पत्नी चहा देत. माझा कप वेगळा ठेवलेला होता की काय, ते मी कधी बघितलं नाही. बघायचं नाही असं मी ठरवलेलं होतं.

त्या वर्षी परभणीला जिल्ह्यातल्या शाळांची निबंधवाचनाची स्पर्धा होती. विषय, ‘इसवी सन दोन हजारमधील माझे गाव’. शाळेतून एकच निबंध जायचा. सरांनी माझं नाव घातलं. घरी ही बातमी पोचली तेव्हा माझ्या मोठ्या चुलत्याने, ज्याचा शब्द घरात शेवटचा असायचा, माझ्यासाठी नांदेडकडचं एक स्थळ बघून ठेवलेलं होतं. बा सहसा त्याच्यापुढे बोलायचा नाही. त्या दिवशी बोलला.

“पोरीचा जिल्ह्यात नंबर आला तर तिला परभणीला कालेजात घालू. न्हाई आला तर तुमी म्हणसाल तसं.”

चुलता हसला आणि हो म्हणाला. जिल्ह्यात नंबर येतोय कशाला, असंच त्याच्या हसण्यात होतं. तेव्हापासून निबंध म्हणजे माझ्या गळ्याला लागलेलं दावं झालं. आधी मी लिहायची ते मजेने. आता प्रत्येक वाक्य लिहिताना नांदेडकडचा तो मुलगा, ज्याला मी बघितलंही नव्हतं, समोर येऊन बसायचा.

पहिला खर्डा नऊ पानांचा झाला. त्यात सगळे उडत होते. पोस्टमन उडत होता, तलाठी उडत होता, एका ठिकाणी म्हैससुद्धा. सरांनी शिसपेन्सिलीने म्हशीला गोल केला आणि विचारलं, “हिचं काय काम हाय वर?” मी म्हशीला खाली आणलं. दुसऱ्या खर्ड्यात तलाठी आणि पोस्टमन पायी चालू लागले, आणि त्यांच्या जागी मी एक यंत्र आणलं. हवेतून पाणी ओढून घेणारं. पाऊस असो वा नसो, त्याच्या पोटात पाणी जमत राहणार. दुष्काळात आमच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, त्यामुळे यंत्र सुचायला फार हुशारी लागली नाही. पण सर खूश झाले. हे खरं, म्हणाले. आता पुढं वाढव.

मी वाढवलं. पाणी आलं की ते कुणी तरी भरायला हवं. मी लिहिलं होतं ते मला अजून शब्दाशब्दाने पाठ आहे: ‘यंत्राचे पाणी गावाच्या मधोमध एकाच नळाला येते. सकाळी सगळ्या आळ्यांतल्या बाया तिथे येतात. रांगेत माझ्या पुढे पाटलीणबाई असतात. त्यांची घागर भरली की त्या बाजूला होतात, आणि माझी घागर डोक्यावर चढवायला हात लावतात.’

ज्यांना हे साधं वाटेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या वस्तीची विहीर दुष्काळात आटली होती. गावच्या विहिरीवर पाणी होतं, पण तिच्या कठड्याला आम्ही हात लावायचा नव्हता. खाली घागर ठेवून उभं राहायचं. कुणाला वेळ मिळाला, कुणाला दया आली, की ती बाई वरून ओतायची. आम्ही बौद्ध होऊन मला आठवतं तेवढी सगळी वर्षं झाली होती. घरातले देव गेले होते. विहिरीला मात्र ते कुणी कळवलेलं नव्हतं. मी शाळेच्या गाडीची वेळ डोक्यात ठेवून तिथं तास तास उभी राहिले आहे. मंगळावर कसं जायचं हे मला ठाऊक होतं आणि चार हात उंच कठड्यावर कसं जायचं ते नव्हतं.

तिसरा खर्डा सरांनी वाचला आणि नळाच्या परिच्छेदाला शिसपेन्सिलीने चौकट केली. मी वाट बघत उभी.

“हे बघ,” सर म्हणाले, “अशा गोष्टीचा एक नेम असतो. लिहिणाऱ्यानं एकच अशक्य गोष्ट मागून घ्यावी. यंत्र म्हणलीस, आमी दिलं. त्याच्या पुढचं सगळं वाचणाऱ्याला पटलं पाहिजे. तू एका निबंधात दोन अशक्य गोष्टी मागायलीस.”

“दुसरी कोणती, सर?”

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. मग म्हणाले, “तुला कळतंय.”

मला कळत होतं. मला राग आला, आणि राग दाखवायची सोय नव्हती. हवेतून पाणी ओढणारं यंत्र या सभ्य, वाचणाऱ्या, मला पुस्तकं देणाऱ्या माणसाला पटत होतं, आणि पाटलीणबाईचा हात माझ्या घागरीला लागणं पटत नव्हतं. वाईट हे की त्यांनी चूक सांगितलेली नव्हती. मीही डोळे मिटून यंत्र बघू शकत होते. तो हात बघायला मला जोर लावावा लागायचा.

मग मी घासाघीस सुरू केली. चौथ्या खर्ड्यात पाटलीणबाई गेल्या, ‘एक बाई’ आली. सरांनी चौकट तशीच ठेवली. मी ‘एक बाई’ काढून ‘सर्व ग्रामस्थ’ घातले. सर्व ग्रामस्थ नळावर आले तशी त्या ओळींत जान राहिली नाही, आता त्या कुणी लिहिल्या असत्या तरी चाललं असतं. साल दोन हजार पन्नास करू का, असंही मी विचारून बघितलं. सर हसले, पण ते हसू त्यांना जड गेलं. शेवटी म्हणाले, “ठेव म्हणलीस तर ठेवू. मी सही करतो. पण परभणीला ऐकणारे कोण असत्यात ते मला माहीत हाय. मंग नंबराची आशा धरू नको. तूच ठरव.”

त्यांनी काढून टाकलं असतं तर किती बरं झालं असतं! जन्मभर त्यांना नावं ठेवता आली असती. तूच ठरव, म्हणाले, आणि मला कोपऱ्यात घातलं. घरी मी रोज संध्याकाळी बाला निबंध वाचून दाखवायची. बाला अक्षरं जुळवून वाचता यायचं, त्याहून जास्त नाही, पण ऐकायला तो तरबेज होता. यंत्राचा भाग आला की बिडी ओढत बसायचा. नळाचा भाग आला की बिडी बाजूला धरायचा. एकदा म्हणाला, “दोन हजार साली मी असन का गं बाई?” मी हिशेब करून म्हटलं, असशील की. तो म्हणाला, “मंग त्या नळावर एक डाव मला बी घेऊन जाय.”

हे ऐकलेलं असूनही मी तो परिच्छेद काढला. रविवार होता. आई भाकरी थापत होती, लहान भाऊ माझ्या पाठीवर रेलून पाढे म्हणत होता. मी पक्क्या वहीत निळ्या शाईने निबंध उतरवत गेले, यंत्रापर्यंत आले, आणि त्यापुढे थेट लिहिलं, ‘अशा प्रकारे विज्ञानामुळे माझे गाव सुजलाम सुफलाम झाले.’ अक्षर इतकं सुंदर आलं की सरांनी पुढे वर्गात दाखवलं. त्या संध्याकाळी बाने विचारलं, आज वाचणार न्हाईस का? मी म्हटलं, पक्का झाला बा, आता काय वाचायचं. त्याने मान हलवली.

स्पर्धेला बा आला. रजा काढून, धुतलेला सदरा घालून. सभागृहात पुढे खुर्च्या होत्या, तो मागे भिंतीला टेकून उभा राहिला. वाचायची माझी पाळी सहावी होती. मी वाचायला लागले. यंत्राचं वर्णन चालू असताना लोक अगदी शांत झाले. मी मान वर करून मागे बघितलं. बाच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि त्याने अंग भिंतीपासून सोडवून पुढे झुकवलं होतं. पुढं काय येणार ते त्याला पाठ होतं. मी ‘सुजलाम सुफलाम’ म्हटलं आणि वही मिटली. टाळ्या वाजल्या. बा तसाच झुकलेला राहिला, अजून काही येतंय का याची वाट बघत. मग आजूबाजूचे वाजवतायत हे बघून त्यानेही टाळ्या वाजवल्या.

पहिला नंबर माझा आला. पाहुणे म्हणाले, एका खेड्यातल्या मुलीची कल्पनाशक्ती बघा, तिला कुठलीही सीमा नाही. सरांचे डोळे भरून आले होते. मी त्यांच्या पाया पडले. ते कौतुक ऐकताना मला गोष्टीतला तो अवकाशात अडकलेला माणूस पहिल्यांदा समजला. त्याला सगळं मिळत होतं, आणि बाहेरच्या कुणालाही त्याचा आवाज ऐकू जात नव्हता.

परतीच्या पॅसेंजरमध्ये बा माझ्या समोर बसला. बक्षिसाची पुस्तकं त्याच्या मांडीवर. परभणीचं स्टेशन मागे पडलं.

“ते नळाचं न्हाई वाचलंस,” मग म्हणाला.

मी सांगितलं. सरांचा नेम, एका निबंधात एकच अशक्य गोष्ट चालते तो, नंबराची आशा, आणि शेवटी मीच काढलं हेसुद्धा. सर्व ग्रामस्थांचंही सांगितलं. त्याला राग येईल असं वाटत होतं, यावा असंही वाटत होतं. तो ऐकत राहिला. गँगमन माणूस, कुठला खिळा ढिला आहे हे बघायची त्याला सवय. मग अगदी सरळपणे, मी कुठं चुकले हे समजावून सांगावं तसा म्हणाला,

“एकच ठेवायचं व्हतं, तर यंत्र काढायचं व्हतं गं बाई.”

मी कॉलेजात गेले. नंतर आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले, स्वतःचं लिहिलेलं दहा दहा वेळा खोडलं. सर आणि मी मिळून पाच खर्डे केले होते आणि ही एक दुरुस्ती आम्हा दोघांना सुचली नव्हती. त्या दिवशी गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडत राहिले, आणि बाला वाटलं मी आनंदाने रडतेय. पिंगळीचं स्टेशन येईपर्यंत तो माझ्या पाठीवरून हात फिरवत होता.