वच्छीचा सिंहस्थ

माझी नणंद वच्छी रोज सकाळी ओसरीवर उभी राहून मोठ्याने पंचांग वाचायची. तिथी, वार, नक्षत्र, आणि शेवटी आवाज चढवून, "गुरू सिंह राशीत! लगीन नाही, मुंज नाही, वास्तू नाही, विहीर नाही!" पंचांग वाचणं खरं तर माझ्या सासऱ्यांचं काम. पण मॅट्रिक झालेली लेक घरी बसली आणि आठवड्याभरात तिने ते त्यांच्या हातून काढून घेतलं. देवाधर्माचं तिला आधी काही वेड होतं असं नाही. चतुर्थीला माझ्या फडताळातला चिवडा कोण खातं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि आमच्या देऊळगाव राजाहून जालन्याची वाट धरली की लगेच निजामाची हद्द लागायची. वच्छी बुलढाण्याला मामाकडे राहून मॅट्रिक झाली. गावभर पेढे वाटले. तिला नागपूरला कॉलेजात जायचं होतं. सासऱ्यांनी, त्यांना सगळेच आबा म्हणत, एका दमात निकाल दिला, "आधी लगीन. मंग सासरच्यायले इचार." आणि नेमका त्याच वर्षी गुरू सिंहेत गेला. सिंहस्थात आमच्या मुलखात लग्नं लागत नाहीत, वर्षभर मुहूर्तच नसतो. वच्छी म्हणाली, "लगीन नाही तं मंग कॉलेजात धाडा." आबा म्हणाले, "एका वर्षासाठी कशाले? घरी बस, सयंपाक शीक." म्हणून ती बसली.

मी तिच्याहून थोडी लहान, सातवीतून उठवून बोहल्यावर उभी केलेली. शाळा मला फार आवडायची, पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि असं विचारायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं. चारचौघांत मी तिला वच्छाबाई म्हणायची, दोघीच असलो की वच्छे. सासरी आल्यापासून मी पोटभर हसले ती त्या वर्षी.

शेजारच्या बाया मुद्दाम खोदून विचारायच्या, "काऊन वं वच्छे, घरीच बसून राह्यली?"

"मी कुठं बसली मावशी? गुरू बसला हाये सिंहेत. तो उठला का मी उठन."

स्वयंपाकात मात्र तिने गुरूला मान दिला नाही. तिची भाकरी तव्यावर पडेपर्यंत तिचे चार तुकडे व्हायचे. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. मी एकदा म्हटलं, "वच्छे, मुद्दाम करतेस ना?" तर म्हणाली, "वयनी, एकदा का चांगली भाकर जमली, तं मले सोडवाले कोणी येत नाही."

तिचं एक आवडतं वाक्य होतं, "पाळाचं तं पुरं पाळाचं." आबांनी शेतात विहीर खोदायला माणसं बोलावली, तर ही पंचांग घेऊन आडवी. आमचे जोशी महाराज आले, त्यांनी डोकं खाजवलं आणि शास्त्रात तसं आहे खरं, असं कबूल केलं. माणसं परत गेली. माझ्या नवऱ्याने नवीन गोठ्याचा विषय काढला, तोही हिने बंद पाडला. आबा चिडून म्हणाले, "लगीन नाही झालं तं नाही, पण या पोरीनं माह्यं पाणी बी तोडलं!" वच्छी खाली मान घालून म्हणाली, "मी नाही आबा, गुरूनं."

मार्गशीर्षात जोशी महाराजांनी एक नवीच बातमी आणली. सिंहस्थाचा दोष गोदावरीच्या अलीकडे, पलीकडे नाही. पलीकडच्या एका मोठ्या घराण्यातून मागणी आली होती. नवरीला घेऊन या, मांडव आम्ही घालतो, असा त्यांचा निरोप होता. आबांची कळी खुलली. आम्ही दोघी डाळ निवडत होतो. वच्छीचे हात थांबले. "वयनी," ती हळूच म्हणाली, "हे नदी माह्या ध्यानातच नोती." इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती भ्यालेली दिसली, आणि मलाही भीती वाटली.

पाव्हणे बघायला आले. मुलाची आई भारी सोवळ्याची. आमच्या घरचं पाणीसुद्धा तिने तीनतीनदा चौकशी करून घेतलं, आणि आपल्या घरच्या व्रतांची यादी सांगायला सुरुवात केली. वच्छी पदर सावरून, डोळे खाली, इतकी गरीब होऊन बसली होती की मलाच ओळखू येईना. यादी संपल्यावर तिने मऊ आवाजात विचारलं, "एक इचारू का? तुमच्या इथं सिंहस्थ पाळत नाहीत म्हन्तात. अजून काय काय पाळत नाहीत तेही सांगून ठेवा, म्हंजे मले तसं राहाले बरं."

बाई एकदम ताठ झाल्या. "कोण म्हन्तंय पाळत न्हाईत? तुमच्यापेक्षा जास्ती पाळतेत आमच्या घरात!"

"मंग तं लय बरं झालं," वच्छी म्हणाली, "थांबू आपण वर्षभर."

मुलाचे वडील चुळबुळले, आबा खाकरले, पण बाईंना आता मागे हटता येईना. "थांबू की!" त्या म्हणाल्या. अर्थात ते काही थांबले नाहीत. माघातच त्यांनी तिकडचीच सून आणली. आबा कितीतरी दिवस वच्छीशी बोलले नाहीत. पण एकदा मी ताक द्यायला गेले तर ते ओसरीवर एकटेच हसत बसले होते. मला बघून त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि तोंड गंभीर केलं.

सिंहस्थ उतरला तोवर आषाढी एकादशी आली आणि चातुर्मास लागला. पुन्हा तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाही. कॉलेजं उघडत होती. वच्छीने पंचांग मिटलं आणि विचारलं, "मंग कार्तिकापर्यंत मी काय करू? अजून बसू?" उत्तर सासूबाईंनी दिलं. "धाडा वं माय तिले नागपूरले! चार महिने तरी घराले चैन पडन." वर्षभर पंचांग ऐकून ऐकून सगळं घर टेकीला आलं होतं. बुलढाण्याच्या मोटारीत बसताना ती हसत होती, पण माझा हात तिने मोटार हलेपर्यंत सोडला नाही.

ठरलं होतं असं की दिवाळीला परत यायचं आणि तुळशीचं लग्न झालं की हिचं. म्हणून दिवाळीला ती वसतिगृहातलं सगळं सामान, वळकटी, पुस्तकं घेऊनच आली. या खेपेला लग्न अडवायला ना सिंहस्थ होता, ना चातुर्मास. पंचांगाला तिने हातही लावला नाही. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जोशी महाराज दोन स्थळं घेऊन हजर झाले. आम्ही दोघी दाराआड उभ्या होतो.

"मार्गशीर्षात मुहूर्त उत्तम आहेत, आबासाहेब," महाराज म्हणाले.

"असतीन," आबा सुपारी कातरत म्हणाले. "पण उन्हाळ्यात पोरीची परीक्षा हाये. आमच्या घरी आता परीक्षा पाळतात."

"आणि त्यानंतर?"

"त्याच्यानंतर दुसरी राहीन."

मी वच्छीकडे पाहिलं. प्रत्येक गोष्टीला जिच्या जिभेवर उत्तर असायचं, ती तशीच मागे वळली. स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढे बसली आणि लहान मुलासारखी रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडले. तिला वाटलं, मी तिच्या आनंदाने रडते आहे. ते खरंही होतं. पण थोडं रडणं माझं स्वतःसाठी होतं, आणि ते मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.