आधी यवतमाळ, मग नागपूर

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी वडील शाळेतून लवकर घरी आले आणि चपला काढता काढताच आईला म्हणाले, "पोरगी नागपूरले जाईन." यात कोणाला काही विचारायचं असतं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

आम्ही कळंबला राहायचो आणि वडील जवळच्याच एका खेड्यात प्राथमिक शाळेवर गुरुजी होते. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हा मी चौथीत होते. त्या गर्दीत त्यांना कॉलेजात शिकणारी आपल्या समाजातली एक मुलगी दिसली होती. लोकांना पाणी देत होती आणि कोणी रस्ता विचारला की नीट समजावून सांगत होती. "कोनाले भेली नाही," असं ते तिच्याबद्दल पुढे कितीतरी वर्षं सांगत. माझं नागपूर तेव्हाच ठरलं होतं, मला ते मॅट्रिकनंतर कळलं इतकंच.

वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ नागपूरला रेल्वेत होते. त्यांनी मुलींच्या वसतिगृहात माझ्यासाठी जागा सांगून ठेवली. कॉलेज बघायला म्हणून आम्ही दोघं गेलो. इमारत एवढी मोठी की वडिलांनी दारातच टोपी काढून हातात घेतली. ऑफिसात बराच वेळ लागणार होता, म्हणून मी व्हरांड्यात फिरत एका वर्गाच्या दाराशी उभी राहिले. आत प्राध्यापक इंग्रजीतून शिकवत होते आणि मुलं-मुली खाली मान घालून भराभर लिहून घेत होती. मी कान देऊन ऐकलं. मला त्यातलं 'देअरफोर' तेवढं कळलं. कशामुळे 'देअरफोर', ते काही कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये वडील खूश होते. मी खिडकीबाहेर पाहत होते.

माझ्याबरोबर त्या वर्षी कळंबातून आणखी एकच मुलगी मॅट्रिक झाली होती. ती माझी मैत्रीण. घरी कापसाची, तुरीची शेती, माणसांचा राबता. गणितात ती माझ्यापुढे होती. आम्ही नागपूरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तू नागपूरले गेली तर माह्यं शिक्षण संपलं."

तिच्या वडिलांनी तिला सांगितलं होतं की, यवतमाळला पाठवीन, पण रोज बसने जाऊन संध्याकाळी घरी यायचं, आणि एकटी जायचं नाही.

दोन दिवसांनी ते स्वतःच आमच्याकडे आले. पूर्वी कधी आले नव्हते. आत आले नाहीत, ओट्यावर बसले. आईने चहा विचारला तेव्हा "नुकताच झाला," म्हणाले. मग माझ्या वडिलांना म्हणाले, "गुरुजी, तुमची पोरगी यवतमाळले जात असन तर माह्यीबी जाईन. दोघी असल्या तर मी शिकू देतो. एकटीले नाही."

"माह्या पोरीचं नागपूरचं पक्कं झालं," वडील म्हणाले.

"मंग राह्यलं," ते म्हणाले आणि उठले.

ते गेल्यावर वडील चिडले. "त्याइच्या पोरीसाठी मी माह्या पोरीचं काहून अडवू? त्याइची हिंमत नाही, ते त्याइनं पाहावं."

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "पोरीले तर इचारा."

तोपर्यंत मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, मले इंग्रजी समजत नाही. त्या वर्गात काय चालू होतं, मले काईच समजलं नाही."

 मॅट्रिकला इंग्रजीत मला चांगले मार्क होते. ते मार्क पाठांतराचे होते, हे वडिलांना त्या क्षणी कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन आमच्या हायस्कुलातल्या गणिताच्या मास्तरांकडे गेले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, यवतमाळचं कॉलेज अन् नागपूरचं कॉलेज, दोन्ही एकाच विद्यापीठाचे. अभ्यासक्रम तोच, पेपर तोच, तपासनारे तेच. प्री-युनिव्हर्सिटीचं वर्ष अन् बी.ए.चं पहिलं वर्ष इथं करा, मंग दुसऱ्या वर्षाले नागपूरले जा. काई बुडत नाही."

"पन नागपूर ते नागपूर," वडील म्हणाले.

"ते हायच. ते कुठं पळून चाललं?"

घरी आल्यावर वडिलांनी टोपी खुंटीला अडकवली. मग आईला म्हणाले, "दोन वर्सं यवतमाळ. त्याच्या पुढं एक दिवस नाही."

आमच्या स्टँडवरून एकाच रस्त्याने एका बाजूला यवतमाळची गाडी जाई आणि दुसऱ्या बाजूला नागपूरची. आम्ही दोघी सकाळी यवतमाळच्या बाजूला उभ्या राहायला लागलो. मैत्रिणीला गाडी लागायची, म्हणून खिडकी तिची. घाटात वळणं सुरू झाली की ती डोळे मिटून घ्यायची आणि मी तिला इंग्रजीचा धडा वाचून दाखवायची. आमचे इंग्रजीचे प्राध्यापक वर्गात रोज एकेकाला उभं करून इंग्रजीतून बोलायला लावत. काहीही बोला, पण स्वतःचं बोला, असं त्यांचं म्हणणं. वर्ग लहान, त्यामुळे सुटका नव्हती. पहिल्यांदा मी उभी राहिले आणि "माय फादर इज अ टीचर" म्हणून खाली बसले. ते म्हणाले, "हे तर मला माहीत आहे. तुमचे वडील रागावतात कशाला, ते सांगा." मी सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे, पण वर्ग हसला आणि मीही हसले. त्या दिवसापासून इंग्रजीची भीती जी कमी होत गेली ती होतच गेली.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या आधी मैत्रिणीला मारेगावचं एक स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, घरी शेती. त्यांना लग्न लवकर हवं होतं आणि मैत्रिणीने परीक्षेआधी नाही म्हणून हट्ट धरला. एका संध्याकाळी आम्ही बसमधून उतरलो तर तिचे वडील स्टँडवरच उभे. तिला त्यांनी पुढे जायला सांगितलं आणि मला म्हणाले, "तू सांग तिले. तुह्यं आयकते. लई झालं शिक्षन."

 त्यांच्यासमोर मी कधी मान वर करून बोलले नव्हते. पण तोंडातून निघून गेलं, "काकाजी, दोघी असल्या तर शिकू देतो, असं तुमीच म्हटलं होतं. मी हावो ना अजून."

 ते धोतराचा सोगा सावरत निघून गेले. मी घाबरतच घरी आले. परंतु लग्न पुढे ढकललं गेलं. मारेगावकरही थांबायला तयार झाले. मास्तर असलेल्या मुलानेच म्हणे घरी सांगितलं की, शिकते आहे तर बी.ए. होईपर्यंत शिकू द्या.

आम्ही दोघी पास झालो. आणि आता माझी नागपूरला जायची वेळ आली.

मी नागपूरला जाणार म्हणजे त्या 'दोघी' मोडणार. उन्हाळाभर मी तिच्यासमोर हा विषय काढला नाही. शेवटी तिनेच काढला. "तू जा. माह्यं मी पाहीन." वडिलांना विचारलंस का, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "नाही. इचारलं की नाहीच म्हनते माणूस."

मला राहवेना. मी आईला घेऊन तिच्या घरी गेले. तिचे वडील अंगणात बैलाच्या पायाला औषध लावत होते. मी एका दमात सांगितलं की मी नागपूरला चालले, पण तिला बंद करू नका. त्यांनी माझ्याकडे वळून आश्चर्याने पाहिलं.

"बंद कायले करू? जाते ना ते आता. डायव्हर, कंडक्टर सारे वळखते तिले." आणि पुन्हा बैलाकडे वळले.

ज्या गोष्टीसाठी एवढं रामायण झालं होतं, तिची त्यांना दोन वर्षांत सवय होऊन गेली होती. आई घरी येईपर्यंत पदर तोंडाला लावून हसत होती.

नागपूरचे पहिले महिने बरे गेले नाहीत. वर्ग मोठा, प्राध्यापक हजेरीपुरते आम्हाला ओळखणारे, आणि वसतिगृहात बाकीच्या मुलींच्या मैत्र्या आधीच जमलेल्या. त्या पहिल्या वर्षापासून एकत्र होत्या. त्यांच्यात मी बराच काळ पाहुणीसारखी राहिले. ही किंमत मास्तरांनी सांगितली नव्हती, त्यांना ती माहीतही नसेल. पण शिकवलेलं मात्र सगळं समजत होतं. दिवाळीआधी एकदा इतिहासाच्या तासाला मी उभी राहून इंग्रजीतून शंका विचारली. सगळा वर्ग मागे वळला. सरांनी उत्तर दिलं आणि विचारलं, आधी कुठल्या कॉलेजात होतात? मी सांगितलं. त्यानंतर दोन मुली माझ्याशेजारी येऊन बसायला लागल्या.

बी.ए.चा निकाल आम्हा दोघींचा एकाच दिवशी लागला. तिला माझ्यापेक्षा थोडे जास्त मार्क पडले. त्याच उन्हाळ्यात तिचं मारेगावला लग्न झालं आणि पुढे ती तिथल्याच शाळेत मास्तरीण झाली. मी नागपुरात राहून एम.ए. केलं. लग्नात तिचे वडील मला हाताला धरून पाहुण्यांकडे घेऊन गेले आणि म्हणाले, "हे गुरुजीची पोरगी. हे नागपूरची बी.ए., आमची यवतमाळची."

कोणीतरी विचारलं, यातलं मोठं कोणतं?

"मले काय समजते त्यातलं," ते म्हणाले. "पाहा बाप्पा, जेवन थंडं होऊन राह्यलं."