शेजारणीचे मासे आणि माझी तुळस

मंडळी, आज मला स्वतःचीच किळस आली आहे, म्हणून इथे लिहितेय.

सिंगापूरला, पासिर रिसमधल्या आमच्या फ्लॅटबाहेर, कॉरिडॉरमध्ये माझी तुळस आहे. पंधरा दिवसांच्या संततधार पावसाने ती पार काळवंडली. पुण्यात आई गुलाबाला चहाचा चोथा घालायची, म्हणून मीही आठवडाभर तुळशीला घातला. आई तो आधी धुऊन वाळवायची, हे मात्र सोयीस्करपणे विसरले. माझा चोथा थेट गाळण्यातून कुंडीत, दूधसाखरेसकट.

चार दिवसांपासून दारात कुजका वास येत होता. मी नाक दाबून नवऱ्याला म्हणत होते, "शेजारच्या आंटी सुके मासे तळतात ना, त्याचाच वास!" लेक इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली, "आई, नॉट आंटी लाह." मी तिलाच गप्प केलं.

आज सकाळी कुंडीतली माती उकरली. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. एक बोटावर चढली. शी! हात झटकत मी मागे सरले.

तेवढ्यात आंटी मास्क लावून, फिनेलची बादली घेऊन बाहेर आल्या. चार दिवस कॉरिडॉर त्याच पुसत होत्या, हे मला आज कळलं.

"आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

त्या संकोचून म्हणाल्या, "तू रोज इथे दिवा लावतेस. मला वाटलं, तुमच्या देवाचं काहीतरी असेल. देवाला कशी नावं ठेवायची?"

कुंडी धुतली. हात दहादा धुतले. चार दिवस त्यांना नावं ठेवणाऱ्या या तोंडाचं काय करू, सांगा?