फक्कीतलं समाजमंदिर

सहदेव गायसमुद्रे फोर्टातल्या एका आर्किटेक्टकडे ट्रेसर होता. साहेबांनी काढलेल्या नकाशावर पातळ कागद ठेवून शाईने गिरवायचं, एवढंच त्याचं काम. अठरा वर्षांत त्याने जुहूचे निम्मे बंगले गिरवले, पण स्वतःची म्हणून एक खिडकीही काढली नव्हती. ते त्याला फार लागायचं. घाटकोपर पूर्वेच्या आमच्या बौद्ध वस्तीत समाजमंदिर बांधायचं ठरलं, तेव्हा कुणी न विचारताच हा गडी नकाशा घेऊन हजर झाला.

साल त्र्याऐंशी. मी कमिटीचा चिटणीस, अध्यक्ष भाऊराव. भाऊरावांना मुलुंडला पाहिलेल्या एका लग्नाच्या हॉलसारखी इमारत हवी होती. गुळगुळीत लादी, बंद काचा आणि बारा पंखे. सहदेव म्हणाला, वस्तीला विजेचा मीटर मिळायला तीन वर्षं गेली, तेव्हा विजेवाचून चालेल असंच बांधू. पाडलेल्या चाळींची जुनी कौलं, वरून उजेड, छपराचं पाणी टाकीत आणि पूर्वेच्या खिडक्यांतून फुकटचा वारा. ऐकायला झकास, पण नकाशा कुणाला कळेना. उत्तर दिशेच्या बाणाला भाऊराव झेंड्याची काठी समजले आणि ती फारच बारीक आहे म्हणाले.

रविवारी दोनपैकी एक ठरवायचं होतं. लोक जमले तर सहदेवाने कबड्डीच्या मैदानावर चुन्याची फक्की टाकून अख्खा नकाशा खऱ्या मापाने आखून ठेवलेला. आता आतून फिरून बघा, म्हणाला.

भाऊराव तरातरा आत निघाले.

"भाऊराव, तिथं भिंत आहे," सहदेव म्हणाला.

भाऊरावांचं तोंड बघण्यासारखं झालं, पण ते मागे फिरले आणि वळसा घालून दारातून आले. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात वस्तीतल्या सगळ्यांत जुन्या शेवंताबाई ऐसपैस मांडी घालून मध्ये बसल्या. वारा कुठून येणार, त्यांनी विचारलं. सहदेवाने मोठ्या ऐटीत पूर्वेच्या खिडक्या दाखवल्या.

"अरे सहदेवा, सकाळी तिकडून देवनारचा उकिरडा येतो ना. तुझ्या घरची त्या बाजूची खिडकी तूच खिळे ठोकून बंद केलीस."

सगळं मैदान हसलं. खोटं काय होतं त्यात? ह्याने जन्मभर गिरवलेल्या बंगल्यांच्या पूर्वेला बागा असायच्या, आणि हाताला तीच सवय लागलेली. मला त्याचा रागही आला आणि कीवही आली. भाऊरावांना आयतंच सापडलं. नकाशाची वाट लागली, आता पंखेच लावू, असं ते चारचौघांना सांगत सुटले.

 सहदेवाने पायाने एकेक खिडकी पुसली आणि शेवंताबाईंना विचारलं, मग कुठं काढू? त्यांनी पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला काढायला लावल्या, कौलांखाली झरोके मागितले, रडक्या पोरांच्या आयांसाठी बाहेर ओटाही मागितला. जन्मभर दुसऱ्याचं गिरवणारा हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच विचारून विचारून काढत होता. सगळं आखून होईतो कमरेपर्यंत पांढरा झाला.

मग चहा झाला. आता मतासाठी हात वर करायला सांगायचं म्हणून मी उभा राहिलो. लोक टपरीवरून परतत होते, आणि जो तो फक्कीच्या दाराबाहेर चपला काढून आत येत होता. कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी भाऊराव आले. तोंडाने पंख्यांचंच चाललं होतं. दाराशी थांबले, चपला काढल्या आणि बोलत बोलतच आत येऊन बसले.

मी कुणालाही न विचारता वहीत ठराव मंजूर म्हणून लिहिलं. सहदेव कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून रडत होता. भिंत अजून बांधायची होती, त्यामुळे ते सगळ्या वस्तीला दिसलं.