आमटी निवेपर्यंतची प्रार्थना

आमच्या मेट्रनबाई जेवणाआधीची प्रार्थना सुरू करायच्या तेव्हा आमटीला वाफ असायची. त्या ‘आमेन’ म्हणेपर्यंत डाळ तळाशी आणि पाणी वर, अशी तिची रीतसर वाटणी झालेली असायची. माझगावातल्या एका मिशन शाळेच्या आवारात आमचं मुलींचं वसतिगृह होतं. मी देवगडहून तिथे डी.एड. करायला आले. लालबागला काकांची खोली होती, पण तिथे पाय पसरायचे तर पाळी लावावी लागे, म्हणून बाबांनी मला मिशनच्या हवाली केलं. पहिल्या संध्याकाळी मी भुकेने कासावीस होऊन डोळे मिटले आणि बाई देवाशी बोलू लागल्या.

बोलूच लागल्या. त्यांची प्रार्थना हा वसतिगृहाचा सूचनाफलक होता. “हे प्रभू, तू अन्न दिलंस, तुझे उपकार. आता वरच्या मजल्यावरच्या मुलींना सुबुद्धी दे. त्या इस्त्रीवर पापड भाजतात. फ्यूज उडाला की मला जिना चढावा लागतो, आणि माझे गुडघे कसे आहेत ते तुला ठाऊकच आहे.” त्या नाव कुणाचंच घेत नसत. पण माझी रूममेट एस्तेर, जालन्याच्या एका पाळकांची मुलगी, हसू दाबता दाबता खोकायला लागायची आणि पापड कुणाचा ते साऱ्या पंगतीला कळायचं. प्रार्थना चालू असताना उलट उत्तर देता येत नाही, ही सोय बाईंनी पुरेपूर ओळखली होती.

आमचे डोळे मिटलेले असताना बाईंचे मात्र टक्क उघडे असत. एस्तेरने एकदा चोरून बघितलं आणि जेवण झाल्यावर धीर करून विचारलंच, “बाई, तुम्ही का नाही डोळे मिटत?”

“सगळ्यांनीच मिटले तर पातेल्याकडे कोण बघणार?” बाई म्हणाल्या. “मांजर काही ख्रिस्ती नाही.”

मी हिंदू म्हणून त्यांनी मला उपासनेची सक्ती कधी केली नाही. “खुर्च्या मांडायला मात्र सगळे धर्म चालतात,” असं म्हणून दर रविवारी मला हॉलमध्ये पिटाळायच्या. गणपतीला मी घरी जाऊन आले की दारातच विचारायच्या, “माझ्या वाटचा मोदक कुठाय?” आणि मोदक प्रवासात कसाही चेपलेला असो, तिथेच उभ्या उभ्या खायच्या. मला त्या फार आवडायच्या. त्यांची भीतीही तेवढीच वाटायची.

दुसऱ्या वर्षी नाताळच्या गाण्यांना आवाज कमी पडले म्हणून खुर्च्या मांडणारीला उचलून गाणाऱ्यांत उभं केलं. पांढरी साडी, हातात मेणबत्ती. कुणीतरी व्हिडिओ काढला. तो कसा कोण जाणे लालबागला काकूच्या मोबाइलवर पोचला, तिथून देवगडला, आणि नवं वर्ष लागतं न लागतं तोच बाबा वसतिगृहाच्या दारात हजर झाले.

“सामान भर,” ते म्हणाले. “गावाक जावचा आसा. फोनार सगळा बघलंय मी.”

माझी परीक्षा तोंडावर आली होती. आता घरी गेले असते तर पुन्हा कुणी मला मुंबईला पाठवलं नसतं आणि मास्तरीण व्हायचं तिथेच राहिलं असतं. मी रडले, एस्तेरने शपथा घेतल्या, बाबा ढिम्म हलले नाहीत. बाई आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “जेवणाची वेळ झालीय. आमच्याकडून पाहुणा उपाशी जात नाही. आधी जेवा, मग खुशाल न्या.”

बाबा सकाळपासून नुसत्या चहावर होते. बसले. सगळ्यांनी हात जोडले तसे त्यांनीही जोडले आणि देवाचं नाव निघतंय म्हटल्यावर डोळे घट्ट मिटले.

“हे स्वर्गातल्या बापा,” बाईंनी सुरुवात केली, “आज आमच्यात पृथ्वीवरचा एक बाप आलाय. तो रागावलाय. रागवेलच, एकुलती एक पोर आहे. त्याला वाटतंय, आम्ही ती पळवली. तू तर बघतोसच, हिला आमचं एक गाणं धड पाठ नाही. शब्द विसरली की नुसता आ करून उभी राहते. हिच्या कपाटात गणपतीचा फोटो आहे. मला दिसू नये म्हणून त्यावर ओढणी टाकते. मला दिसतो. ती ओढणी तेवढी धुवायला सांग तिला.”

एस्तेरला खोकला लागला. बाबांचे डोळे मिटलेलेच होते.

“पण प्रभू, ही चौथीच्या वर्गावर पाठ घ्यायला उभी राहते तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प होतात. मी स्वतः खिडकीतून पाहिलंय. अशी मास्तरीण अर्ध्यावर घरी नेऊ नये, हे त्या बापाला तू सांग. माझं तो कशाला ऐकेल? आमेन.”

आमटी गार झाली होती. बाबांनी डोळे उघडले आणि देवाचं झालं म्हटल्यावर सवयीने उजवा हात पुढे केला, प्रसादासाठी. बाईंनी शांतपणे डबा उघडला, नाताळच्या फराळातली उरलेली एक करंजी काढली आणि बाबांच्या तळहातावर ठेवली. बाबांनी ती डोळ्यांना लावली आणि मग खाल्ली.

जेवून उठल्यावर ते मला म्हणाले, “ऱ्हव आता. परीक्षा देवनच ये. देवाफुडे डोळे मिटान कोण खोटा बोलात?”

बाईंचे डोळे उघडे होते, हे मी बाबांना आजतागायत सांगितलेलं नाही.

मी आता त्याच शाळेत चौथीला शिकवते. यंदा बाई निवृत्त होऊन नगरला भावाकडे गेल्या. निरोपाच्या जेवणाला त्यांना पाहुणी म्हणून बसवलं, तर प्रार्थना कोण करणार हा प्रश्न आला. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी हात जोडले.

“हे प्रभू, बाई नगरला चालल्यात. त्यांच्या भावाच्या घरी आमटी गरम जेवतात असं ऐकलंय. त्या घराला धीर दे. बाईंच्या गुडघ्यांकडे लक्ष ठेव. त्यांच्या वाटचा मोदक मी नगरला पोचवेन. आम्हाला त्यांच्याशिवाय करमणार नाही, हे त्यांना तोंडावर सांगायची आमची छाती नाही, म्हणून तुला सांगते.”

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की माझे डोळे उघडे आहेत आणि मी पातेल्याकडे बघतेय. मग मी बाईंकडे पाहिलं. हात जोडून, मान खाली घालून, बाईंनी डोळे मिटले होते. मला ‘आमेन’ म्हणवेना. आमटी निवत राहिली.