माशांच्या नावाची बाटली

प्रभुलिंगअण्णांच्या घरात दोन वस्तूंना बंदी होती. पहिली दारू. ही बंदी गळ्यातल्या लिंगाची आणि बायकोच्या, म्हणजे चन्नम्माकाकूंच्या धाकाची. दुसरी साखर. ही बंदी धंद्याची. मार्केट यार्डात तीन पिढ्यांची गुळाची अडत. गुऱ्हाळाकडं वळणारा ऊस साखर कारखान्याच्या वाटेला लागला, तेव्हा अण्णांच्या वडिलांनी शपथ घातली होती, की या उंबऱ्याच्या आत साखरेचा दाणा येणार नाही. तेव्हापासून चहा गुळाचा, शिरा गुळाचा, आणि लेकीच्या वाढदिवसाचा केक शेजारच्यांच्या सोप्यात.

अशा घरात समुद्र शिरला तो २००३ साली. अण्णा मुंबईला एका व्यापाऱ्याकडं गेले होते. त्याच्या बैठकीत त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी बघितली. जिवंत प्रवाळ, त्यात लपाछपी खेळणारे केशरी-पांढरे जोकर मासे. गुळाचा भाव राहिला बाजूला, अण्णा दोन तास टाकीपुढं मांडी घालून बसले. महिन्याभरात कोल्हापुरातल्या त्यांच्या बैठकीत चारशे लिटरची टाकी उभी राहिली. कोकणात गूळ घेऊन जाणारी गाडी येताना देवगडचं पाणी कॅनांत भरून आणू लागली. एकदा गगनबावड्याच्या नाक्यावर गोव्याचा माल असणार या आशेनं एका हवालदारानं कॅन उघडून घोटच घेतला. थुंकून झाल्यावर त्यानं कळवळून विचारलं, "एवढ्या लांबनं खारट पाणी वाहताय, घरात मीठ न्हाय व्हय?"

टाकी तीन वर्षं छान चालली. पण अण्णा पडले कोल्हापुरी. पाव्हण्याला आग्रह केल्याशिवाय पाटावरनं उठू द्यायचं नाही, ही सवय त्यांनी माशांनाही लावली. "खा की रं, लाजतोस काय!" म्हणत चिमटीवर चिमटी खाणं पडायचं. उरलेलं तळाशी कुजायचं. २००६ च्या उन्हाळ्यात काचेवर हिरवं बुळबुळीत शेवाळ चढलं, प्रवाळांच्या अंगावर दाढी उगवली आणि बैठकीला डबक्याचा वास येऊ लागला.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी घरात स्वामीजींची पाद्यपूजा ठरली होती. स्वामीजी बसणार त्याच बैठकीत, अख्खी गल्ली दर्शनाला येणार तिथंच. चन्नम्माकाकू निपाणीकडच्या. रागावल्या की नवऱ्याला 'री' म्हणून माहेरच्या कानडी पद्धतीनं हाक मारायच्या. चार बायकांच्या देखत त्यांनी ठणकावलं, "री, पूजेच्या सोमवारपातूर पाणी काचंगत दिसाय पायजे. न्हाय दिसलं तर ही टाकी या घरातनं जाणार. शब्द हाय माझा."

आता कोल्हापुरात खाऱ्या पाण्याची टाकी दुसरं कोण घेणार? टाकी जाणार म्हणजे मासे मरणार, हे अण्णांना कळत होतं. काकूंनाही कळत होतं. पण चार बायकांत दिलेला शब्द परत कसा घ्यायचा?

लेक शांभवी इंजिनिअरिंगला होती. तिनं नेट कॅफेत बसून इलाज शोधला आणि वहीत उतरवून आणला.

"अप्पा, घाण खाणारे बॅक्टेरिया पाण्यात आहेतच. माशांच्या घाणीतलं नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणजे त्यांचं कालवण. पण नुसत्या कालवणावर कोण जेवतं? भाकरी लागते. आपण भाकरी घालायची. मग ते सगळं कालवण चाटूनपुसून खातात, वाढतात, आणि आपलं फेस काढायचं यंत्र त्यांना फेसाबरोबर बाहेर टाकतं. शेवाळाला खायला काय उरतच नाही."

"आणि ही भाकरी मिळत्या कुठं?"

"एक तर साखर."

अण्णांनी कानांवर हात ठेवले. "तुझ्या आज्जाची शपथ हाय. दुसरं सांग."

"नाहीतर व्होडका. रोज एक मिली, आणि हळूहळू वाढवायची."

कूळ मोठं की धंदा मोठा, याचा अण्णांनी विचार केला असावा. शेवटी म्हणाले, "तुझ्या अव्वाला बोलू नको."

कोल्हापुरात बाटली घेणं म्हणजे पेपरात देण्यासारखंच. म्हणून अण्णा स्कूटर मारत कोडोलीला गेले. तिथं आपल्याला कोण ओळखतंय, हा त्यांचा हिशेब. पन्हाळा तालुक्यातला प्रत्येक गुळव्या आपल्याच अडतीला गूळ घालतो, हे मात्र ते विसरले. पेपरात गुंडाळलेली बाटली घेऊन वळतात तोच समोर भाऊसो. चाळीस वर्षं गुऱ्हाळाच्या चुलवाणावर काढलेला, नुसत्या वासावरून गूळ कसा उतरणार ते सांगणारा पट्टीचा गुळव्या.

"आण्णा? तुमी?"

"माशांसाठी हाय."

"व्हय की. आमी बी घरात असंच कायतरी सांगतो."

दुसऱ्या दिवशी सौदे सुरू व्हायच्या आत यार्डात बातमी पोचली होती. कोणी "काय अण्णा, मासं झोपलं का वेळंवर?" विचारत होता, कोणी हमालाला "अण्णांच्या ढेपा जपून उचला, डुलायल्यात" म्हणत होता. अण्णा कळवळून सांगायचे, "अरं, रोज एक मिली!" त्यावर बाळासो हमाल म्हणाला, "एका मिलीनं माशाचा काय घसा वला हुतोय, अण्णा? माणसावानी पाजा की."

अण्णांनी मात्र नेमानं पाजली. रोज सकाळी काकू पूजेला बसल्या की सिरिंजमध्ये एक मिली ओढायची, टाकीत सोडायची आणि बाटली जुन्या वह्यांमागं ढकलायची. आठवड्यानं दीड मिली, मग दोन. शेवाळ उतरायला लागलं. सोमवार सहा दिवसांवर आला आणि अण्णा शीळ घालू लागले.

बुधवारी पाणी धुरकट झालं. गुरुवारी टाकी म्हणजे दुधाचा कॅन. मासे दिसेनात. दिसले ते वर येऊन तोंडं वासताना. शांभवी बघून ओरडलीच, "अप्पा, बॅक्टेरिया बेफाम वाढलेत! पाण्यातला सगळा ऑक्सिजन तेच खातायत. किती घातली?"

"दोनच मिली गं! देवाशपथ!"

"दोन मिलीनं एवढं होणार नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातनं आवाज आला, अगदी बारीक. चन्नम्माकाकूंचा एवढा बारीक आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता.

"मी बी घालत हुतो."

"काय घालत हुतीस?"

"साखर. सोमवारपासनं. रोज एक चमचा. शांभवीची वही वाचली मी. तुमी भायेर जाऊन काय आणताय ते साऱ्या गल्लीला ठावं हाय. म्हटलं, साखरंनं पाणी साफ झालं तर ते तरी बंद हुईल."

अण्णा किंचाळले, "साखर? माझ्या घरात? कुठं ठेवलीस?"

"देवाच्या मागं."

"देवाच्या मागं साखर!"

"आन् वह्यांच्या मागं दारू, तिचं काय ओ?"

दोघांचं जुंपणार इतक्यात दारात भाऊसो उभा. पूजेसाठी गुळाची ढेप घेऊन आला होता. खरं तर अण्णांचे मासे खरंच पितात का, हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. तो टाकीजवळ गेला. यंत्राच्या नळीतनं तपकिरी फेस वर चढत होता, वरची वाटी तुडुंब भरून फेस परत पाण्यात पडत होता. भाऊसोनं ढेप खाली ठेवली.

"अवो, ही मळी की! काहिलीत रस उकळाय लागला की भेंडीचं पाणी घालतो आमी, साऱ्या रसाची घाण फेसात वर येत्या. आली की काढायची. न्हाय काढली तर परत रसात मुरत्या आन् गूळ काळा पडतोय. तुमी घाण वर आणलीसा, खरं काढायला माणूसच न्हाय ठेवला. ही वाटी कधी वतली हुती?"

अण्णांनी शांभवीकडं बघितलं, शांभवीनं अव्वाकडं.

भाऊसोनं धोतर खोचलं. व्होडका बंद, साखर बंद. शांभवीनं हवेचे तीन पंप लावले. भाऊसो यंत्रापुढं बसला तो चुलवाणावर बसल्यासारखा. अर्ध्या तासाला वाटी काढायची, ओतायची, धुवायची, लावायची. दमला की अण्णा, अण्णांनंतर काकू. ज्या टाकीला घालवायचा शब्द दिला होता, तिची मळी काकू पदर खोचून काढत होत्या आणि माशांना सांगत होत्या, "थांबा रं, मरू नगासा, पाव्हणं येणार हाईत."

शनिवारी पाणी निवळलं. सोमवारी पाद्यपूजेला टाकी अशी, की पाणी आहे की नाही तेच कळेना. दोन्ही जोकर प्रवाळात लोळत होते. स्वामीजींनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "एवढं निर्मळ? काय घालता यात?"

भाऊसोनं खोकून दाराबाहेर तोंड फिरवलं. अण्णांच्या कपाळावरच्या विभूतीला घाम फुटला.

"चमचाभर साखर," काकू म्हणाल्या.

स्वामीजी समाधानानं हसले. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. टाकीचा विषय तिथंच मिटला. पण स्वामीजींपुढं बोललेलं खोटं पडू द्यायचं नाही, असा काकूंनी हुकूम काढला. बाटली मोरीत रिकामी झाली. इथून पुढं साखरच, तीसुद्धा चिमूट मोजून, काकूंच्या हातानं. "तुमचा हात आग्रहाचा हाय," त्यांनी सांगून टाकलं. साखर आणायची मात्र अण्णांनी.

मंगळवारी अण्णा गल्लीतल्या वाणसामानाच्या दुकानात गेले. अर्धा किलो साखर पेपरात गुंडाळून, वर टॉवेल टाकून निघाले.

बुधवारी यार्डात एकही चेष्टा नाही. सगळे अण्णांकडं बघून मान खाली घालत होते. शेवटी बाळासो हमाल जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, बाजारात वाईट बोलायल्यात. तुमी काल दुकानातनं पेपरात गुंडाळून साखर नेलीसा म्हणं?"

"कोण म्हणतंय?" अण्णा गरजले. "व्होडका हुती ती! देवाशपथ व्होडका!"